पूर्वी कधीच एकत्र न वाजवलेल्यांचा महोत्सव

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९९९ साली ‘हाय झीरो’ हा संगीत महोत्सव सुरू झाला. ‘नॉर्मल्स’ या जुन्या पुस्तकांच्या आणि रेकॉर्ड्सच्या दुकानातल्या ‘रेड रूम’ नावाच्या छोट्या जागेत प्रयोगशील संगीताचे कार्यक्रम करणाऱ्या स्वयंसेवकांनी तो उभा केला. तिथे वाजणारे सगळे संगीत त्या क्षणी सुचलेले असते. चाल, ताल, स्वरलिपी यांपैकी काहीही आधी ठरलेले नसते. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो या महोत्सवाचा दुसरा दंडक. गावातले वादक आणि बाहेरून बोलावलेले पाहुणे यांचे गट आयोजकच जुळवतात, आणि असा गट पूर्वी कधी एकत्र वाजलेला नसतो. मुक्त उत्स्फूर्त संगीताच्या कोणत्याही महोत्सवाने काही सोडायचेच झाले तर बाकी सारे सोडावे, पण हा दंडक सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

या पद्धतीचा वारसा जुना आहे. इंग्रज गिटारवादक डेरेक बेली यांनी १९७७ साली लंडनमध्ये ‘कंपनी वीक’ सुरू केला आणि तो १९९४ पर्यंत चालवला. निमंत्रित वादकांनी आपला ठरलेला संच घेऊन यायचे नाही, तर इथे आल्यावर एकमेकांत मिसळून रोज नव्या जोड्या आणि तिकड्या करायच्या, अशी त्याची रीत होती. बरीच वर्षे एकत्र वाजवणाऱ्यांची हळूहळू एक ठरलेली बोली होते, एकाने सुरुवात केली की दुसरा काय उत्तर देणार हे दोघांनाही कळू लागते, आणि मग उत्स्फूर्तता केवळ नावापुरती उरते.

हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या श्रोत्याला यात नवे काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही गायक आणि तबलजी यांची पहिली भेट कित्येकदा मैफलीच्या आधी काही मिनिटे होते, पट्टी आणि ताल एवढे बोलून दोघे मंचावर बसतात आणि मैफल रंगते. परंतु तिथे राग, ठेका आणि सम यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार दोघांच्याही पाठीशी असतो. उपज कितीही धाडसी असली तरी ती समेवर येणार, याची खात्री साथीदाराला असते. शैलीच्या आत राहून केलेली उत्स्फूर्त निर्मिती आणि कोणत्याही एका शैलीला बांधून न घेणारी उत्स्फूर्त निर्मिती, असा भेद बेली यांनी केला होता. हा दुसरा मार्ग धरणाऱ्यांनी तो करारच बाजूला ठेवलेला असतो, आणि मग त्यांच्यापाशी एकमेकांचे कान एवढाच आधार उरतो.

‘मग काहीही वाजवले तरी चालते,’ हा आक्षेप मी सतत ऐकतो आणि तो मला मुळीच मान्य नाही. त्याचे सर्वांत चांगले उत्तर लंडनचे ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांच्या कामात आहे. १९६६ पासून तिथल्या ‘लिटल थिएटर क्लब’मध्ये ‘स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल’ या आपल्या संचासह वाजवताना त्यांनी एक साधी शिस्त धरली: शेजारच्याचे वाजवणे ऐकू येत नसेल, तर आपण फार मोठ्याने वाजवतो आहोत. पुढे १९८३ साली ‘कम्युनिटी म्युझिक’ ही संस्था उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या कार्यशाळांमधल्या एका अभ्यासात प्रत्येकाने एका श्वासात मावेल तेवढा लांब स्वर लावायचा, आणि श्वास संपला की पुन्हा नव्याने लावायचा. दुसऱ्या अभ्यासात आपल्या वाद्यातून निघेल तेवढा लहानात लहान ध्वनी काढायचा. हे दोन्ही अभ्यास ज्याने आयुष्यात वाद्य हातात धरलेले नाही अशा माणसालाही करता येतात. मात्र ते सुरू असताना स्वतःचा आवाज न सोडता इतरांच्या आवाजात मिसळायचे असते, आणि ते मुरलेल्या वादकालाही सोपे जात नाही. शिकाऊ आणि उस्ताद यांना एकाच वेळी एकाच कामाला लावणारी यापेक्षा प्रामाणिक पद्धत मला माहीत नाही.

अनोळखी वादकांचे काही गट फसतात, हे उघड आहे. पंधरा-वीस मिनिटे सगळे एकमेकांना वाट करून देत राहतात आणि कोणीच काही बोलत नाही, किंवा एकटाच सर्वांना झाकून टाकतो. मोठे महोत्सव हा धोका टाळण्यासाठी दौऱ्यावर निघालेली नामांकित त्रिकुटे बोलावतात. तिकिटे खपतात आणि श्रोत्यांची निराशा होत नाही. पण फसलेल्या वादनात दुरुस्तीचा प्रयत्नही उघड्यावर होतो. कोण थांबले, कोणी वाट बदलली, हे श्रोत्याला दिसते आणि तोही त्या खटपटीत सामील होतो. ही संधी श्रोत्यांकडून काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

स्थानिक कलावंतांसाठी राखलेली जागाही याच कारणाने टिकली पाहिजे. बाल्टिमोरचे नील फेदर आपली वाद्ये स्वतःच घडवतात. अशा वाद्यासमोर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या पाहुण्या सॅक्सोफोनवादकाची कीर्ती तिथे कामाला येत नाही. त्या वाद्यातून पुढचा आवाज कोणता निघेल हे त्याला ठाऊक नसते, आणि पहिली फुंकर मारण्याआधी त्याला त्या गावच्या माणसाचे ऐकावेच लागते.