बंधाऱ्याची पातळी वाचतो, तसं अंदाजपत्रकही वाचूया

जानेवारी २०२६, कोल्हापूर महापालिकेच्या मतदानाआधीचे दिवस. परवा संध्याकाळी माझ्या प्रेसमध्ये एका प्रभागाच्या पॅनेलचं पत्रक छापायला आलं. वर सहा नेत्यांचे फोटो, खाली चार उमेदवारांचे, मध्ये निशाणी आणि 'सर्वांगीण विकासासाठी' एवढी एक ओळ. मागची बाजू कोरी. प्रूफ काढता काढता माझ्या ऑपरेटरनं मान वर केली. सत्तावीस वर्षांचा पोरगा, कामाला चोख. म्हणाला, "मालक, नगरसेवक नेमकं करतोय काय ओ?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. हा पोरगा दोनदा लोकसभेला आणि दोनदा विधानसभेला मत देऊन आलाय. आपल्या शहरासाठी मात्र तो येत्या १५ जानेवारीला आयुष्यात पहिल्यांदा मत देणार आहे. कोल्हापूर महापालिकेसाठी याआधीचं मतदान १ नोव्हेंबर २०१५ ला झालं, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून २०२६ च्या या निवडणुकीपर्यंत महापालिकेत प्रशासकच, म्हणजे सभागृहाच्या जागी कारभार बघणारा सरकारी अधिकारी. म्हणजे पाच वर्षं आणि वर दोन महिने. एका सभागृहाची अख्खी मुदत सभागृहाविना गेली.

त्या पोराला नगरसेवक माहीत नाही यात त्याचा काय दोष? स्वतः मत देऊन खुर्चीवर बसवलेला नगरसेवक त्यानं पाहिलेलाच नाही.

माझं प्रेस शाहूपुरीत आहे. प्रेसच्या भिंतीवर तेलरंगानं मारलेल्या दोन रेघा आहेत. खालची ऑगस्ट २०१९ ची, वरची जुलै २०२१ ची. पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या त्या खुणा. २०१९ ला पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरंही झोपेतून उठवलं तरी सांगतील. जयंती नाल्यातून पाणी उलटं आत शिरायला लागलं, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आमचे नगरसेवक तालमीतली दहा-बारा पोरं घेऊन आले. मी त्यांना मत दिलेलं नव्हतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी कागदाची रिमं डोक्यावरून माडीवर गेली, मशीनच्या मोटारी सोडवून वर नेल्या. पूर ओसरल्यावर गल्लीतल्या दुकानांच्या पंचनाम्याचा विषय त्यांनी सभागृहात मांडला. काय उत्तर मिळालं तेही आम्हाला कट्ट्यावर येऊन सांगितलं.

२०२१ ला पाणी आणखी वर आलं. तेच गृहस्थ तेव्हाही आले, तसेच पोरांना घेऊन. पाणी उतरल्यावर मी म्हटलं, आता आमचा विषय मांडा. ते म्हणाले, "मांडायचा कुठं? सभाच न्हाई." त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मदत करायला माणूस होता. विचारायला जागा नव्हती.

ती जागा कशी गेली, तेही एकदा नीट समजून घेऊया. ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहराच्या सभागृहाची मुदत पाच वर्षं ठरवून दिली आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असंही सांगितलं. आपल्याकडे आधी कोरोना आला. तोवर समजू शकतो. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला, त्यात प्रभाग रचना कुणी आणि कशी करायची याचे निर्णय फिरत राहिले. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. त्यालाही पुढे मुदतवाढ मिळाली, ३१ जानेवारी २०२६ पर्यंतची. त्यातून राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान एकाच दिवशी ठरलं, १५ जानेवारी २०२६ ला. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, त्याचा निकाल लागणं गरजेचंच होतं. पण इतकी वर्षं शहरं सभागृहाशिवाय ठेवली, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, तेव्हाही हेच म्हणेन.

प्रशासक म्हणून आलेले अधिकारी कामं करत नव्हते असं माझं म्हणणं नाही. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी शहरात आलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे याच काळात. माझा मुद्दा वेगळा आहे. एरवी आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात काटछाट करते, मग ते सर्वसाधारण सभेत येतं. तिथं भांडणं होतात, राजदंड पळवला जातो, पण त्या गोंधळातूनच कळतं की कुठल्या पेठेतला रस्ता घेतला आणि कुठला सोडला. प्रशासकाच्या राजवटीत अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. माणूस कितीही सचोटीचा असू दे, ज्याला समोरून कुणी विचारत नाही त्याच्याकडून काही ना काही निसटणारच. माझ्या प्रेसमध्ये मीसुद्धा माझं प्रूफ स्वतः तपासत नाही. दुसऱ्याच्या डोळ्याला जी चूक दिसते, ती आपल्याला दिसत नाही.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवा. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं थिएटर डोळ्यांदेखत कोसळताना मोठमोठी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. मीही त्यांत होतो. त्या आठवड्यात शहराला सगळ्यात जास्त गरज कशाची होती, तर एका सभेची. लोकांनी निवडून दिलेल्या ८१ जणांनी एकेक करून उभं राहून प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं इतिवृत्तात नोंदली जायची, आणि दहा वर्षांनी कुणालाही ती काढून वाचता यायची. ती सभा भरू शकली नाही, कारण ८१ जण नव्हतेच.

इथं आम्ही व्यापारीही थोडे चुकलो, हे मला मोकळेपणानं म्हणायचं आहे. जकात होती तेव्हा नाक्यावर पैसे मोजताना प्रत्येकाला कळायचं की हे शहर माझ्या पैशावर चालतंय. म्हणून आम्ही भांडायचो. मग जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्याच्याविरुद्ध मोर्चे काढले, बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आता आमचा पैसा मुंबई-दिल्लीला जातो आणि महापालिकेकडे अनुदान म्हणून परत येतो. एलबीटी गेली याचा मला आनंदच आहे, ती वहीखात्याची कटकट मला परत नको. पण त्याबरोबर आमचं महापालिकेतलं लक्षही गेलं. घरफाळा आणि पाणीपट्टी भरली की आमचा संबंध संपला असं आम्ही धरून चाललो. व्यापाऱ्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या बैठकीत जीएसटीच्या रिटर्नवर दोन तास बोलणारे आम्ही, शहराच्या अंदाजपत्रकावर दहा मिनिटं तरी बोलतो का?

न वाचण्याची किंमत या शहरानं एकदा मोजलेली आहे. शहरातल्या रस्ते प्रकल्पाचा करार झाला तेव्हा त्यातल्या तीस वर्षांच्या टोलबद्दल गल्लीत कुणी बोलत नव्हतं. टोलनाके उभे राहायला लागले तेव्हा आपण जागे झालो. मग ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांसारखा माणूस उतारवयात रस्त्यावर उतरला, कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णा उतरले, महामोर्चे निघाले, रस्त्यांचं फेरमूल्यांकन करायला लावलं. २०१५ च्या डिसेंबरात टोल गेला. कोल्हापूरकर म्हणून मला त्या लढ्याचा अभिमान आहे, माझ्या प्रेसमध्ये त्याची पत्रकं छापली आहेत. पण करार सभागृहापुढे होता तेव्हाच शंभर माणसांनी तो वाचला असता, तर एवढी वर्षं रस्त्यावर काढावी लागली असती का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

वाचायला आपल्याला जमत नाही असं कुणी सांगू नये. पावसाळ्यात आपण काय करतो बघा. सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न, बंधाऱ्यावर किती फूट? राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले? एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हे भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. तीन दरवाजे उघडले की पाणी कधी आपल्या गल्लीत येणार याचा हिशेब लोक उभ्या उभ्या मांडतात. एवढं कठीण गणित ज्या शहराला तोंडी येतं, त्या शहराला अंदाजपत्रकातली चार पानं समजणार नाहीत? आकडा घराच्या उंबऱ्याला भिडतो हे एकदा कळलं की माणूस वाचतोच. ड्रेनेजच्या तरतुदीचा आकडासुद्धा उंबऱ्यालाच भिडतो, फक्त तो कुणी आपल्याला तसा सांगत नाही.

ही जबाबदारी बातमीदारांचीही आहे. माझे वडील सकाळी पेपर उघडला की आधी महापालिकेच्या सभेचा वृत्तांत वाचायचे. कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, कुणी ऐनवेळचा विषय घुसवला, सगळं त्यात असायचं. सहा-सहा तास सभेत बसून लिहिणारा बातमीदार हा शहराचा मोठा आधार असतो. आता माझ्या मोबाईलवर दिवसाला शंभर बातम्या येतात. दिल्लीत कोण काय म्हणालं ते मला मिनिटात कळतं. जयंती नाल्याच्या सफाईचं काम कुणाला दिलं, ते मात्र विचारत फिरावं लागतं. नवं सभागृह भरल्यावर सभेचा पूर्ण वृत्तांत जो कुणी देईल, तो पेपर असो की एखाद्या पोराचं यूट्यूब चॅनेल, त्याला मी वर्षभराची जाहिरात देणार आहे. माझ्यासारख्या पन्नास व्यावसायिकांनी हे केलं तर बातमीदाराचं घर वाढदिवसाच्या जाहिरातींशिवाय चालू शकेल.

या वेळी अडचण आणखी एक आहे. २०१५ ला एका वॉर्डात एक नगरसेवक होता. आता वीस प्रभाग आहेत, बहुतेक प्रभागांतून चार जण आणि एकातून पाच. म्हणजे बहुतेकांना चार मतं द्यायची आहेत. पण उद्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं तर चौघांपैकी कुणाचं दार वाजवायचं? चौघं एकमेकांकडे बोट दाखवतील ही भीती मला आहे. म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, मत मागायला दारात जो कुणी येईल त्याला आतापासून विचारा. तुझ्या वाट्याचं काम कोणतं? निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्याच्या हद्दीच्या, आतल्या बांधकामांवर तू सभागृहात काय बोलणार? अंदाजपत्रक तू स्वतः वाचणार का? उत्तर येत नसलं तरी चिडू नका, दोन दिवसांनी परत विचारा.

ऑपरेटरला मी त्या संध्याकाळी हे सगळं सांगितलं, जमेल तसं. पॅनेलमधल्या एक ताई प्रूफ बघायला आल्या होत्या, त्याही ऐकत होत्या. पहिल्यांदाच उभ्या आहेत. मी त्यांना म्हटलं, "ताई, पत्रकाच्या तळाला मुद्रक म्हणून माझं नाव छापावं लागतं. पन्नास वर्षांचं प्रेस आहे. मागची बाजू कोरी सोडू नका. तुम्ही काय विचारणार तेवढं लिहून द्या, त्या छपाईचे पैसे नकोत." त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या दोन रेघांकडे बघत उभ्या राहिल्या आणि गेल्या.

काल दुपारी वहीचं पान घेऊन परत आल्या. स्वतःच्या हातानं लिहिलेल्या सात ओळी. जयंती नाल्याची सफाई मे महिन्याच्या आत झाली का, हे दर वर्षी सभेत विचारीन. पूरग्रस्त गल्ल्यांतल्या दुकानांची यादी महापालिकेकडे आधीच तयार असावी असा ठराव मांडीन. दर तीन महिन्यांनी गल्लीत बसून हिशेब सांगीन. एक-दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं, ते आम्ही दुरुस्त केलं. बाकी अक्षर न अक्षर तसंच ठेवलं.

ऑपरेटरनं मजकूर टाईप केला आणि विचारलं, "ताई, हे चौघांपैकी कुणाच्या नावावर टाकू?"

त्या म्हणाल्या, "माझ्या."

दोन हजार प्रती काढल्या आहेत. शाई वाळतेय, सकाळी न्यायला येतील.