‘रागावलात तरी चालेल, विसरतातच ते’ या सल्ल्याला उत्तर

डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती हळूहळू कमी करत नेणारा आजार, झालेल्या आईवडिलांना कसं सांभाळावं, याबद्दलचा एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ही माणसं लक्ष वेधून घ्यायला मुद्दाम त्रास देतात, प्रत्येक वेळी चूक दाखवून ठामपणे खरं काय ते सांगा, रागावलात तरी हरकत नाही, पाच मिनिटांत विसरतात, आणि आवरेनासे झाले तर डॉक्टरांकडून शांत करणारी गोळी मागून घ्या.

मी आईला सांभाळते. रात्र रात्र जागलेल्या माणसाला असं काही वाचून बरं का वाटतं, ते मला कळतं. पण यातलं एकही वाक्य पाळण्यासारखं नाही आणि शेवटचं तर जिवावर बेतू शकतं.

‘मुद्दाम करतात.’ मुद्दाम त्रास द्यायचा तर बेत आखावा लागतो आणि तो लक्षात ठेवावा लागतो. या आजारात नेमकं तेच जमेनासं होतं. डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्ण बाईची माहिती जगापुढे मांडली, तिच्या अगदी सुरुवातीच्या लक्षणांत नवऱ्याबद्दलचा टोकाचा संशय होता. म्हणजे संशय हा पहिल्यापासून या आजाराचाच भाग आहे. ‘तूच माझे पैसे घेतलेस’ असं आई म्हणते, तेव्हा पाकीट तिनेच कुठेतरी जपून ठेवलेलं असतं. ठेवल्याची आठवण मात्र उरलेली नसते आणि ती रिकामी जागा मेंदू संशयाने भरतो. अशा वेळी ‘मी कशाला घेऊ?’ म्हणून वाद घालण्यापेक्षा ‘चल, दोघी मिळून शोधू’ हे जास्त उपयोगी पडतं.

‘चूक दाखवा, ठाम राहा.’ माझी आई संध्याकाळी विचारते, ‘माझी आई कधी येणार?’ ‘अगं, ती जाऊन किती वर्षं झाली’ हे खरं आहे. पण ती बातमी तिच्यासाठी त्या क्षणी नवी असते. ती दर वेळी पहिल्यांदाच पोरकी होते. खोटं बोलायचीही गरज नसते. ‘आजीची आठवण येतेय का गं? काय काय करायची ती?’ एवढं म्हटलं की ती बोलू लागते. आजार सुरुवातीचा असेल आणि आई किंवा वडील स्वतःहून वार, तारीख विचारत असतील तर जरूर सांगावं. ठामपणा सर्वांत वाईट फसतो तो आंघोळीच्या वेळी. पाय ठेवायचा तिथे किती खोल आहे याचा अंदाज चुकतो, डोक्यावरून आलेल्या पाण्याची भीती वाटते, पोटच्या मुलांसमोर कपडे काढायची लाज वाटते. हे सगळं ‘नाही’ या एका शब्दात येतं. मग न्हाणीघर आधी ऊबदार करायचं, खांद्यांवर टॉवेल राहू द्यायचा, तांब्या तिच्याच हातात द्यायचा आणि पाणी पायांपासून सुरू करायचं. तरीही नको म्हणाली, तर आज अंग पुसून घेतलं तरी भागतं.

‘रागावलात तरी विसरतात.’ प्रसंग विसरतात, हे खरं. भावना उरते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते बऱ्याच जणांना थोड्याच वेळात आठवेना, पण मन मात्र नंतरही उदास किंवा प्रसन्न राहिलं. सकाळी कोण ओरडलं हे आईला दुपारी सांगता येणार नाही. दिवसभर ती बिथरलेली का आहे, हेही मग कुणाला कळत नाही.

‘गोळी मागून घ्या.’ त्याआधी एक प्रश्न: हा बदल कधीपासूनचा आहे? एक-दोन दिवसांत एकदम वागणं बिघडलं असेल, तर तो बहुधा डिमेन्शिया वाढल्याचा परिणाम नसतो. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, नवं सुरू झालेलं औषध यांपैकी काहीतरी असू शकतं आणि त्यासाठी लगेच तपासणी हवी. वेदनाही असू शकते. नॉर्वेतल्या शुश्रूषागृहांमधला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे अस्वस्थ, आक्रमक रुग्णांवर टप्प्याटप्प्याने वेदनेचे उपचार केले. बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच दिलं होतं, आणि अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. आपला गुडघा दुखतोय हे सांगता येत नाही, म्हणून माणूस हात झटकतो.

उलट, शांत करायला म्हणून बऱ्याचदा दिल्या जाणाऱ्या, मुळात भास-भ्रमांवरच्या अँटिसायकॉटिक गटातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच कडक इशारा दिला: डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांच्यामुळे मृत्यूचं प्रमाण सुमारे १.६ ते १.७ पट वाढलेलं दिसलं. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर या औषधांनी शरीर ताठरतं, प्रकृती झपाट्याने ढासळू शकते. कधी कधी त्यांची खरंच गरज पडते, म्हणजे भयंकर भास होत असतील किंवा स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा धोका असेल तेव्हा. तेही कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि ती चालू ठेवायची का याचा वेळोवेळी फेरविचार करून. आधीपासून चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांकडे जाताना एक वही सोबत न्या. काय झालं, किती वाजता, त्याच्या जरा आधी काय चाललं होतं, नंतर कशाने शांत झाले, हे चार-पाच प्रसंगांचं लिहिलेलं असलं की ‘फार त्रास देतात’ यापेक्षा डॉक्टरांना कितीतरी जास्त हाती लागतं. आणि रात्रीची झोप तुम्हाला मिळते की नाही, तेही त्याच वहीत लिहा.