लायसन्सचा फोटो कसला मागताय? त्या प्रायव्हसी फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅलिफोर्नियाचा प्रायव्हसी कायदा फक्त तिथल्याच कंपन्यांना लागू, साइटवर कुकीची (म्हणजे ग्राहकाचा माग ठेवणाऱ्या नोंदींसाठी परवानगी विचारणारी) पट्टी लावली की काम झालं, ‘माझा डेटा विकू नका’ म्हणणाऱ्याकडून आधी ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो घ्या, छोट्या धंद्याला सगळीकडे सूट, आणि चुकलात तर कुठलाही ग्राहक ७,५०० डॉलरचा दावा ठोकेल. माझी मामेबहीण न्यू जर्सीतून ऑनलाइन साड्या विकते. तिने लायसन्स अपलोड करायचा रकाना फॉर्मात टाकून घेतला आणि मग मला विचारलं, “दादा, बरोबर आहे ना?” पुण्यात बसून मी अशाच साइटींची कामं करतो. बाई गं, काढ तो रकाना आधी.

कारण पाचांत सगळ्यात घातक सल्ला हाच. माणूस म्हणतोय, माझी माहिती पुढे देऊ नका. आणि आपण म्हणायचं, बरं, मग आधी पत्ता, जन्मतारीख आणि फोटो द्या! कॅलिफोर्नियात डेटाची विक्री थांबवण्याच्या विनंतीसाठी ओळख पटवायला लावणं नियमातच बसत नाही. माहिती बघायची किंवा खोडायची असेल तेव्हा खातरजमा करावी लागते, हे खरं. फॉरवर्डवाल्याने दोन्हींची खिचडी केली असावी. पण तिथेही आपल्याकडे आधीच असलेला ईमेल किंवा ऑर्डर नंबर जुळवून बघतात. शिवाय शेकडो लायसन्सचे फोटो सर्व्हरवर पडून राहिले आणि साइट फुटली, तर निस्तरणार कोण?

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रायव्हसी एजन्सीने टॉड स्नायडर या कपड्यांच्या कंपनीला ३,४५,१७८ डॉलर दंड केला. कारणांमध्ये एक हेच होतं: विक्री थांबवायची तर आधी ओळख पटवा, अशी अट. दुसरं कारण, कुकीची खिडकी नीट चालत नव्हती, तब्बल ४० दिवस. पट्टी दुसऱ्या कंपनीकडून घेतली होती म्हणून सुटका झाली नाही. आणि ही कंपनी न्यूयॉर्कची. म्हणजे फॉरवर्डचे तीन मुद्दे एकाच निकालात आडवे. कॅलिफोर्नियाचा कायदा तुमचं ऑफिस कुठे आहे ते बघत नाही, तिथल्या ग्राहकांशी धंदा करता का ते बघतो.

पट्टीचं म्हणाल तर स्वतःच तपासा. क्रोममध्ये आपली साइट उघडा, डेव्हलपर टूल्समधला ‘नेटवर्क’ टॅब लावा, पट्टीवर ‘नको’ दाबा, पान पुन्हा लोड करा आणि माहिती अजून कुणाकुणाकडे जातेय ते बघा. मी बघितलेल्या कित्येक साइटींवर ‘नको’ म्हटल्यावरही मेटाच्या (फेसबुकवाल्यांच्या) पिक्सेलकडे, म्हणजे जाहिरातीसाठी माग ठेवणाऱ्या कोडकडे, माहिती बिनबोभाट जात असते. साइटचं रूप (थीम) बदलताना कोणीतरी पिक्सेल दुसऱ्या जागी चिकटवलेला असतो, पट्टीला त्याचा पत्ताच नसतो. ब्राउझरने आपोआप पाठवलेला नकार, म्हणजे ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल, हाही मानावा लागतो. तो न मानणं हा सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीवरचा एक ठपका होता. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी १२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

छोट्या धंद्याची सूट? अर्धी खरी, मान्य करतो. कॅलिफोर्नियात वर्षाची उलाढाल अडीच कोटी डॉलरच्या वर (आता महागाईप्रमाणे थोडी वाढवलेली), किंवा १ लाख ग्राहकांची माहिती विकत घेणं, विकणं वा जाहिरातीसाठी देणं, किंवा निम्मं उत्पन्न अशा विक्रीतून, यांतलं काहीतरी लागतं. माझ्या बहिणीचं दुकान यात बसत नाही. पण ‘सगळीकडे’ हा शब्द खोटा. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या न्यू जर्सीच्या कायद्यात उलाढालीची अटच नाही. तिथे ग्राहक मोजतात, आणि डेटा विकून पैसे किंवा सवलत मिळत असेल तर २५,००० सुद्धा पुरतात. टेक्सासमध्ये छोट्या धंद्यालाही संवेदनशील माहिती संमतीशिवाय विकता येत नाही.

७,५०० डॉलरची भीती तर पोकळच. तो मूळ कायद्यातला, मुख्यतः मुद्दाम केलेल्या उल्लंघनाचा सरकारी दंड. कॅलिफोर्नियात ग्राहकाला स्वतः दावा लावता येतो तो डेटा चोरीला गेल्यावर, आणि मूळ कायद्यात त्याची रक्कम १०० ते ७५० डॉलर. म्हणजे धोका पुन्हा त्याच साठवलेल्या लायसन्सच्या फोटोंचा.