निघून जाईल म्हणे!

काल दुपारी अडीचला शाळेतून आले, कुलूप काढलं, हॉलमध्ये पाय ठेवला आणि बाल्कनीच्या दाराकडे बघून तिथेच थांबले. तीन ट्रॅकचा सरकता अ‍ॅल्युमिनियमचा दरवाजा, कॉफी ब्राऊन अ‍ॅनोडाइझ्ड, २०१९ च्या दिवाळीत भिशीच्या पैशांतून केलेला. त्याच्या चौकटीवर वरपासून खालपर्यंत सिमेंटचे शिंतोडे. उजव्या बाजूला तर वीतभर लांबीचा अख्खा गोळा चिकटलेला, खालच्या ट्रॅकमध्ये माल भरून वाळलेला, आणि दार जागचं हलेना. हात लावून पाहिला तर दगड. म्हणजे हे सकाळी बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा करायचं काम सुरू झालं तेव्हाच पडलंय. पाच-साडेपाच तास ओलं सिमेंट त्या चौकटीवर बसून होतं आणि परांचीवरच्या एकाही माणसाला त्यावरून ओलं फडकं फिरवावंसं वाटलं नाही.

कठड्यातून वाकून सुपरवायझरला हाक मारली. तो वर आला, दाराकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "काकू, निघून जाईल ते."

निघून जाईल! गेली वीस वर्षं मी हे दोन शब्द ऐकतेय. रंगाऱ्याने स्विचबोर्डवर ऑइल पेंट सांडला तेव्हा निघून जाणार होतं. फरशीवाल्याने काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर व्हाइट सिमेंट कालवलं तेव्हाही निघून जाणार होतं. इंटरनेटच्या केबलवाल्याने खिडकीच्या चौकटीला ड्रिलने आरपार भोक पाडलं, तेव्हा मात्र ते "दिसणार नाही" होतं. ते भोक आजही दिसतं आणि त्यातून पावसाळाभर पाणी येतं. यातलं काहीही निघून गेलेलं नाही. निघून गेली ती फक्त माणसं, पैसे घेऊन.

मी विचारलं, "कसं निघेल?"

"पाणी मारा, घासा, निघेल. सिमेंटच तर आहे."

"सिमेंट आहे म्हणूनच विचारतेय. अ‍ॅल्युमिनियमला ते खातं."

त्यावर तो हसला. मला नीट आठवतंय, हसला. आणि म्हणाला, "काकू, अ‍ॅल्युमिनियमला काही होत नसतं. गंजतं ते लोखंड."

चोवीस वर्षं मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतेय. धातूंचा धडा तर पुस्तक न उघडता सांगेन. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही ते त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून. तो थर उभयधर्मी असतो, म्हणजे आम्लातही विरघळतो आणि आम्लारीतही. हे दहावीच्या बाकावरच्या पोराला मार्कांसाठी का होईना, पाठ असतं. पीएच म्हणजे आम्ल-आम्लारी मोजायचं माप, सातच्या वर आम्लारी. साधारण चार ते साडेआठ पीएचच्या दरम्यान तो थर टिकतो. ओल्या सिमेंटचा पीएच असतो साडेबारा-तेरा. आणि पीएचमध्ये एक अंक वाढला की आम्लारीची तीव्रता दहापट होते, म्हणजे साडेआठ आणि साडेबारा यांत चार अंकांचा नाही, दहा हजारपटीचा फरक आहे. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना तयार होतो. तो चुना आधी वरचा थर खातो आणि मग खालच्या धातूला लागतो, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हे मी प्रयोगशाळेत परीक्षानळीत करून दाखवते. पोरं नळीच्या तोंडाशी जळती काडी धरतात, फट् आवाज होतो, वर्ग टाळ्या वाजवतो. तोच प्रयोग काल सकाळभर माझ्या दारावर चालू होता आणि हा माणूस मला सांगतो, काही होत नसतं!

याच सुपरवायझरच्या दुसऱ्या साइटवर त्या पांढऱ्या, हलक्या ब्लॉकच्या भिंती चालल्यात. एएसी ब्लॉक. ते हलके कशाने होतात? सिमेंट-चुन्याच्या पातळ मालात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड टाकतात, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि सगळा माल इडलीच्या पिठासारखा फुगून येतो. रोज गाडी भरून ते ब्लॉक उतरवून घेतो हा माणूस. त्याच्या धंद्याचा मालच या रासायनिक क्रियेवर उभा आहे, आणि मी तेच सांगितलं तर मी वेडी काकू.

पण खरा घात पुढे झाला. मी फोटो काढायला फोन आणते म्हणून आत गेले. दोन मिनिटं, फार तर तीन. बाहेर येते तर त्याने एका पोराला अ‍ॅसिडची बाटली आणि तारेची घासणी देऊन पाठवलेलं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड, पिवळट, झाकण काढलं की नाक झोंबतं ते. पोराने ते थेट चौकटीवर ओतलेलं. पांढरा फेस फसफसत होता आणि त्या फेसावर तो जीव खाऊन तारेची घासणी मारत होता. मी ओरडले, "थांब!" तो दचकून थांबला. सिमेंटचा गोळा अर्धा सुटला होता, खरंय. त्याच्याबरोबर चौकटीचा रंगही सुटला होता. कॉफी ब्राऊनच्या मधोमध तळहाताएवढा पांढुरका, भुरकट पट्टा आणि त्यावर गोलगोल ओरखडे.

अ‍ॅनोडाइझिंगचा थर, म्हणजे कारखान्यात मुद्दाम जाड केलेल्या ऑक्साइडचा थर, किती जाड असतो, माहीत आहे? बाहेरच्या कामासाठी चांगला म्हणावा तो वीस-पंचवीस मायक्रॉन. वहीचा कागद साधारण शंभर मायक्रॉनचा असतो, म्हणजे त्याचा पाव हिस्सा. तेवढ्यावरच त्या दाराचा रंग, चकाकी, आयुष्य सगळं उभं असतं. तो थर रंगासारखा वरून फासलेला नसतो, धातूतूनच वाढवलेला असतो. गेला की गेला. ब्रश घेऊन परत लावता येत नाही. सेक्शन, म्हणजे चौकटीचे भाग, सुटे करून पुन्हा कारखान्यात न्यावे लागतात, आणि भिंतीत बसवलेली चौकट कोण सुटी करणार?

त्या पोरावर माझा राग नाही. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, हातात मोजे नाहीत, पायात चप्पल, बोटं अ‍ॅसिडने पांढरी पडलेली. "साब ने बोला," एवढंच म्हणाला. त्याला आत घेतलं, सिंकखाली चांगली दहा मिनिटं हात धुवायला लावले. उघड्या हाताने अ‍ॅसिड देऊन कुणाच्या तरी लेकराला वर पाठवायचं आणि आपण खाली खुर्चीत बसून फोन बघायचा, याचा मला दाराइतकाच, खरं तर दारापेक्षा जास्त संताप आला. मी खाली जाऊन सुपरवायझरला तसं सांगितलं. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर, "सगळ्यांच्याच खिडक्यांवर पडलंय, कोणी काही बोललं नाही."

कोणी बोललं नाही, कारण पहिल्या मजल्यावरच्या आजींना अजून दिसलेलं नाही आणि चौथ्या मजल्यावरचे लोक दुबईला आहेत!

काम काय मोठं होतं? आमची पश्चिमेची भिंत. डोंबिवलीतला पाऊस सगळा त्याच अंगावर घेते ती, तीस वर्षांचा गिलावा फुगून पोकळ वाजत होता. तो काढून नवा करायचा. प्रत्येक फ्लॅटने रिपेअर फंडात पैसे भरलेत, कुणी बुडवलेले नाहीत. त्या पैशांत प्लास्टिकचा कागद आणि मास्किंग टेप बसत नव्हती? एका दाराला दहा मिनिटं लागतात. चौकटीच्या कडेने टेप फिरवायची, वरून कागद सोडायचा, खाली ट्रॅकमध्ये थर्माकोलची पट्टी नाहीतर चिंधी कोंबायची. एवढंही जमत नसेल तर एका बिगाऱ्याच्या हातात बादली आणि फडकं द्यायचं आणि सांगायचं, पडेल तसं लगेच पूस. ओलं असताना साध्या पाण्याने निघतं. तेव्हा खरंच निघून जातं! वाळल्यावर मात्र आधी भिजवायचं, मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने सोडवायचं. आणि खाली डाग पडलेला असेल तर तो डाग नसतोच, ती झीज असते. ती घासून कशी निघणार? घासाल तितकी वाढेल.

हे माझ्या मनचं नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं आहे की बसवताना ओल्या सिमेंटपासून वाचवायला अ‍ॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांना पारदर्शक लॅकरचा थर द्यावा आणि काम संपल्यावर तो काढावा. सरकारी कागदात आहे हो! ज्या खात्यांना आपण सगळे नावं ठेवतो, त्यांनी हा विचार करून ठेवलाय. आणि कारखान्यातून येणाऱ्या सेक्शनवर चिकटवलेली फिल्म असते, ती शोभेची असते का? माझ्या भाचीने पुण्यात नवा फ्लॅट घेतला, ताबा घ्यायला आम्ही सगळे गेलो होतो. फिल्म गिलाव्याच्या आधीच फाडलेली. ट्रॅकमध्ये सिमेंट, चौकटीवर पुट्टी, आणि जिथे फिल्म राहिली होती तिथे ती उन्हाने करपून अशी चिकटलेली की नखाने सुटेना. म्हणजे हवी होती तेव्हा काढली, काढायची होती तेव्हा ठेवली. तिथेही बिल्डरचा माणूस म्हणाला, "हाउसकीपिंगवाले करतील, निघून जाईल." मी भाचीला त्याच दिवशी सगळं लेखी द्यायला लावलं. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात ताब्यापासून पाच वर्षं कारागिरीतला दोष फुकट दुरुस्त करून द्यायची जबाबदारी बिल्डरवर आहे, कलम १४. तिचा नवरा म्हणत होता, जाऊ दे मावशी, शुभ दिवस आहे. शुभ दिवशीच लिहून द्यायचं असतं, नंतर कोण फोन उचलतं?

काल रात्री सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. ते सज्जन आहेत, त्यांनी चहा दिला. म्हणाले, "मॅडम, भिंत गळायची थांबली हे महत्त्वाचं. थोडंफार इकडेतिकडे होणारच."

का होणारच? माझी आई भाकऱ्या थापताना परातीबाहेर पीठ सांडलं तर उठायच्या आधी पुसून घ्यायची. आमच्या गावचा गवंडी, मी लहान असताना घराला गिलावा केला त्याने, तो आधी दाराच्या लाकडी चौकटीला ओलं गोणपाट गुंडाळायचा आणि मगच थापी हातात घ्यायचा. त्याला ना पीएच माहीत होता ना मायक्रॉन. दुसऱ्याच्या वस्तूशेजारी आपण काम करतोय एवढं त्याला माहीत होतं. रोज संध्याकाळी तो उंबरा धुऊन जायचा.

आणि हे अजून संपलेलं नाही. आता सात दिवस त्या भिंतीवर पाणी मारणार. ओल्या गिलाव्यातून चुन्याचं पाणी ओघळणार, ते सरळ खालच्या चौकटींवर येणार, उन्हाने वाळणार आणि पांढरे ओघळ राहणार. म्हणजे गिलावा करताना वाचलेल्या खिडक्याही या आठवड्यात जाणार. हे मी सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, बघू या. मी म्हटलं, बघू या नको, आत्ता काँट्रॅक्टरला फोन लावा, माझ्यासमोर. लावला. तिकडूनही तेच आलं. "निघून जाईल साहेब."

मी फोन हातात घेतला आणि सांगितलं की माझ्या दाराच्या उजव्या बाजूचा सेक्शन बदलून मिळेपर्यंत शेवटचं बिल पास होऊ देणार नाही. फोटो आहेत, वेळ आहे, अ‍ॅसिडची बाटलीही ठेवून घेतलीय. तो म्हणाला, काकू, एवढ्याशा डागासाठी? मी म्हटलं, हो, एवढ्याशा डागासाठीच.

आज सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून टेपचे सहा रोल आणि प्लास्टिकचा कागद आणला. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या खिडक्या झाल्या. चौथ्या मजल्याची किल्ली सेक्रेटरींकडून घेतली, तिथलंही झालं. उद्या परांची आमच्या बेडरूमच्या बाजूला सरकणार आहे, साडेआठला काम सुरू होतं. पहिले दोन तास शाळेतून सूट मागून घेतलीय. पाण्याची बादली भरून खिडकीपाशी ठेवलीय, जुन्या सुती साडीची फडकी फाडून ठेवलीत, त्यातलं एक त्या पोराच्या हातात देणार आहे. आणि रबरी मोज्यांचा जोडही.