गाडी तुमची, गल्ला त्यांचा

दुसऱ्याची गाडी चालवून कंटाळला असाल, ठरल्या तारखेला येणाऱ्या पगाराचा वीट आला असेल, तर उशीर करू नका. स्वतःचा ट्रक घ्या. पगारात काय राम आहे? डिझेल वाढलं, टायर फुटला, गिअरबॉक्स बसला, तरी झोप उडते ती शेठची, आणि तुम्ही केबिनमध्ये घोरत पडता. अशी फुकटची झोप स्वाभिमानी माणसाला शोभत नाही.

गाडी जुनी घ्यावी की नवी, यावर चार शहाणे तुमचं डोकं खातील. नवी घेतली तर हप्ता खातो, जुनी घेतली तर गॅरेज खातं, एवढाच काय तो फरक. तुम्ही गाडी समोरून कशी दिसते ते बघा. क्रोमचा चकचकीत बंपर, टपावर दिव्यांची रांग, आणि मेलेला उठून बसेल असा हॉर्न. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं, इंजिन कधी उघडलं, एक्झॉस्टचा फिल्टर कितीदा चोंदला, असले प्रश्न विचारलेत तर विकणाऱ्याला वाईट वाटेल. आणि डाउन पेमेंट करताना घरातली शिल्लक पार झाडून काढा. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, असं सांगणारी माणसं मुळात अपशकुनी. गाडी बिघडायच्या आधी आठवडाभर तरी कळवतेच की.

डाउन पेमेंटपुरतेही पैसे नसतील तरी निराश होऊ नका. तुमच्यासारख्यांसाठीच ‘चालवा आणि मालक व्हा’ अशा योजना असतात. गाडी कंपनीची, माल कंपनीचा, डिझेलचं कार्ड कंपनीचं, गॅरेजही कंपनी सांगेल ते. मालक मात्र तुम्ही. दर आठवड्याला हिशेबाचा एक कागद मिळतो. वर भाड्याचा आकडा ठळक छापलेला असतो, नजर तिथेच ठेवायची. खाली बारीक अक्षरांत गाडीचा हप्ता, विमा, डिझेल, ट्रेलरचं भाडं, देखभालीची कपात, मागच्या ॲडव्हान्सची वसुली अशी उतरंड लागते. अगदी तळाशी, तुमच्या वाट्याला आलेल्या आकड्याच्या आधी, कधीकधी एक छोटीशी आडवी रेघ असते. तिला नक्षी समजा. आठवडाभर गाडी हाकून वर कंपनीचंच देणं लागावं, हे भाग्य फक्त मालकांचं; नोकरांना ही सोय नाही.

अमेरिकेत एका चालकाला हे पटलं नाही. आपल्याला कागदावर स्वतंत्र ठरवलंय, प्रत्यक्षात नोकरासारखं राबवतात आणि किमान वेतनही पदरात पडत नाही, अशी त्याची न्यू प्राइम या वाहतूक कंपनीविरुद्ध तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2019 साली निकाल त्याच्या बाजूने लागला, पण कशाचा? तर तिथल्या लवाद कायद्याच्या जोरावर त्याला कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे ढकलता येणार नाही, एवढ्याचाच. म्हणजे भांडायचं कुठे हे ठरवायलाच सर्वोच्च न्यायालय, भांडण त्यानंतर. तुमच्याकडे एवढा वेळ नाही. तुमचा हप्ता सोमवारी आहे.

आता हिशेबाचं. तो ठेवू नका. आकडेमोडीची फारच खाज असेल तर भाड्याच्या रकमेला माल भरून चाललेल्या किलोमीटरने भागा आणि तिथेच थांबा. समजा, 500 किलोमीटरचं भाडं मिळालं आणि किलोमीटरला 100 असा दर पडला. उत्तर किती देखणं आहे! माल उतरवून पुढचा माल उचलायला 300 किलोमीटर रिकामं जावं लागलं, ते या भागाकारात घुसवायचं नाही. घुसवलंत की भागावं लागतं 800 ने, आणि मघाचे 100 बघता बघता साडेबासष्टवर येतात. कशाला जिवाला घोर? रिकामी गाडी डिझेल कमी पिते हे खरं, पण पितेच. टायर झिजतात, टोल लागतो, आणि हप्ता तर गाडी भरली होती की रिकामी हे विचारतसुद्धा नाही.

हे सगळं दलालाला तुमच्यापेक्षा बरं ठाऊक असतं. “परतीचं काही आहे का हो?” असं तुम्ही फोनवर विचारलंत की तुमची अडचण त्याला आवाजातच ऐकू येते. तो सुस्कारा सोडतो, मार्केट थंड आहे म्हणतो, आणि निम्मं भाडं सांगतो. तुम्ही घ्या. ‘रिकामं जाण्यापेक्षा डिझेल तरी निघेल’ हा या धंद्यातला गुरुमंत्र आहे आणि हिशेब म्हणून त्यात चूक नाही, हीच तर त्याची गंमत. तुम्ही तो म्हणता, तुमच्यामागे रांगेत उभा असलेला म्हणतो, त्याच्यामागचाही म्हणतो, आणि काही महिन्यांत त्या रस्त्याचा दरच डिझेलइतका होऊन बसतो. मग भाव कुणी पाडले म्हणून सरकारला शिव्या घालायला सगळे मोकळे. दलालाने माल देणाऱ्याकडून किती घेतले, हे मात्र विचारू नका. त्याच्या धंद्याची ती गुपितं आहेत, आणि तुमच्या धंद्यात गुपित ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

वेळेचे पैसे मागणं तर अगदीच असंस्कृतपणाचं. गोदामाने सकाळी आठची वेळ दिलेली असते, तुम्ही साडेसातला हजर. काचेमागचा माणूस तुमचा कागद घेतो, न वाचता ट्रेमध्ये टाकतो आणि “बोलावतो” म्हणतो. नऊ वाजतात. अकरा वाजतात. ज्या दारावर तुमची गाडी लागायची तिथे फोर्कलिफ्ट उभी आहे, तिच्या दांड्यांवर कुणीतरी जॅकेट वाळत घातलंय, चालकाचा पत्ता नाही. तुम्ही पुन्हा काचेपाशी जाता. काचेमागे आता दुसराच माणूस आहे आणि त्याला तुमचा कागद सापडत नाही. इंजिन चालू ठेवलं तर तासाला तीनेक लिटर डिझेल जळतं. बंद केलं तर केबिनमध्ये ऋतू कोणता चालू आहे ते नीट कळतं. पहिले दोन तास फुकट, असा बऱ्याच ठिकाणी रिवाज आहे. त्यापुढचं हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, हवे असतील तर आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ शिक्क्यानिशी लागते. शिक्का कुणाकडे? ज्याने उशीर केला त्याच्याकडे. शिवाय अमेरिकेत कामाला लागल्यापासून 14 तासांच्या आतच काय ते 11 तास स्टेअरिंगवर बसता येतं, आणि गेटवर खोळंबलेले तास सहसा त्या 14 मधूनच जातात. कायदा केला चालकाच्या झोपेसाठी, आणि त्याचे तास खर्च करतं गोदाम.

वाट पाहण्याचं फळ गोड असतं, याचं उदाहरण म्हणून माल्कम मॅक्लीनचं नाव घेतात. 1934 साली एका जुन्या ट्रकवर धंदा सुरू केलेला हा माणूस. 1937 साली न्यू जर्सीतल्या होबोकेन बंदरात कापसाच्या गाठी घेऊन तो दिवसभर ताटकळला, हमाल एकेक नग उतरवून जहाजात नेत होते, आणि तेव्हाच आपल्या मनात आलं की अख्खी पेटीच उचलून का ठेवू नये, अशी आठवण तो पुढे सांगायचा. 26 एप्रिल 1956 रोजी त्याच्या ‘आयडियल एक्स’ जहाजातून 58 पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघाल्या आणि कंटेनरने जग बदललं. यशोगाथा सांगणारे एक तपशील मात्र गिळतात: त्यासाठी आदल्याच वर्षी त्याने ट्रकच्या धंद्यातला आपला हिस्सा विकून टाकला होता. कंटेनरने जहाजांचं ताटकळणं संपवलं. बंदराबाहेरची ट्रकची रांग तेवढी जशीच्या तशी ठेवली.

गेटवर गेलेला वेळ भरून काढायला 80 ऐवजी 100 ने हाणा. 500 किलोमीटरमागे सव्वा तास वाचतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे या 20 किलोमीटरपायी तो दीडपटीच्याही वर जातो. पण हवा कधी कुणाला बिल पाठवते का? आणि वाचलेला सव्वा तास पुढच्या गेटवर उभं राहायला उपयोगी पडतोच.

बिघाडाला घाबरू नका. नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागतं, आणि त्या पाण्यावर पाळत ठेवायला करंगळीएवढा सेन्सर असतो. तो रुसला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि इंजिन ठणठणीत असूनही गाडी जाणूनबुजून रांगायला लागते. सेन्सरची किंमत ऐकून हायसं वाटेल. टोइंगची, उभ्या गाडीच्या दोन दिवसांची, उशिरा पोचलेल्या मालाच्या दंडाची आणि हातून गेलेल्या परतीच्या भाड्याची किंमत त्या पावतीवर छापत नाहीत, तेव्हा ती धरायचं कारण नाही.

उधारीच्या बाबतीत मात्र तुमचा मोठेपणा खऱ्या अर्थाने दिसतो. डिझेल रोख, टायर रोख, मेकॅनिक तर पाना खाली ठेवायच्या आधी रोख. भाडं 60 दिवसांनी, नाहीतर 90. हे दिवस माल पोचल्यापासून मोजतात असा एक गोड गैरसमज आहे. ते मोजतात बिल मिळाल्यापासून. आणि बिल ‘पोचपावतीवरची सही नीट दिसत नाही’ म्हणून एकदा परत येतं, ‘दोन नग कमी होते’ म्हणून दुसऱ्यांदा. तोपर्यंत तुम्ही काचेच्या इमारतीत बसलेल्या कंपनीला बिनव्याजी, बिनतारण पैसे वापरायला दिलेले असतात. तुमच्या गाडीच्या कर्जासाठी बँकेने सात पिढ्यांचे कागद मागितले होते. तुम्ही कंपनीकडे काही मागितलंत? ही दानत.

दम निघत नसेल तर बिलं विकत घेणारेही आहेत. 100 चं बिल द्या, आज 97 घ्या. अवघे 3 टक्के! महिन्याभरात वसूल होणाऱ्या बिलावर हे वर्षाला 36 टक्क्यांच्या पुढे जातं, पण वर्षाचा विचार नोकरदारांनी करावा, तुम्हाला आजचं डिझेल भरायचंय. बिल देणारी कंपनी बुडालीच तर अनेक करारांत ते बिल पुन्हा तुमच्याच गळ्यात येतं. ते कलम शोधत बसू नका, डोळे खराब होतात.

इतकं करून महिन्याच्या शेवटी काही उरलंच, तर तो सगळा नफा. त्यातून स्वतःचा पगार वजा करायचा नाही. हेच काम दुसऱ्याच्या गाडीवर केलं असतं तर किती मिळाले असते, हा विचार मनात आला की रेडिओचा आवाज वाढवा. घरी बिलं लावणारी, विम्याची तारीख लक्षात ठेवणारी, थकलेल्या भाड्यासाठी चार वेळा फोन करणारी बायको असेल तर तिचाही पगार धरू नका; ती घरचीच आहे. आणि घसारा हा तर वकील-अकाउंटंट मंडळींनी काढलेला शब्द. गाडीची किंमत दर किलोमीटरला थोडी थोडी कमी होत असते, ती तुम्ही नफा म्हणून घरी नेता आणि तिचा टीव्ही घेता. इंजिन उघडायची वेळ आली की टीव्ही विकता येईल. किलोमीटरमागे थोडे पैसे टायर-इंजिनसाठी वेगळ्या खात्यात टाकणं हे मोठ्या ताफेवाल्यांचं रडगाणं. कर भरायची तारीख आली की दरवर्षी नव्याने चकित व्हायचं, ते वेगळं सांगायला नको.

यातूनही टिकलात, तर एक दिवस भाव वाढतील. या धंद्यात ते वाढतातच, आणि उतरतातही. 2021 साली अमेरिकेत माल उदंड होता, गाड्या कमी पडत होत्या, भाडं आभाळाला टेकलं होतं. हजारो चालक स्वतःच्या नावाने धंद्यात उतरले, जुन्या गाड्यांनाही भलताच भाव आला. 2022 उजाडलं तसं रोजच्या बाजारातलं भाडं घसरायला लागलं आणि जूनमध्ये डिझेल गॅलनला 5.80 डॉलरच्या वर जाऊन बसलं. गाड्यांचे हप्ते मात्र तेजीतल्या किमतीवर बांधलेले.

तुम्ही यातून काही बोध घेऊ नका. भाव शिखरावर असतील आणि ट्रकच्या शोरूममध्ये उभं राहायला जागा नसेल, नेमकी तेव्हाच दुसरी गाडी बुक करा. ती हातात येईपर्यंत भाव उतरलेले असतील हे मान्य, पण गाड्या दोन असतील. दुसरीवर चालक ठेवावा लागेल, आणि तुमचं भाडं येवो न येवो, त्याचा पगार द्यावा लागेल. दोन गाड्यांचे हप्ते एका गाडीच्या भाड्यात बसत नाहीत असं वाटलं, तर सरळ फायनान्सवाल्याकडे जा. तो तुम्हाला चहा पाजतो आणि तिसऱ्या गाडीचे कागद काढतो.