यादीत विषय आहे, शिकवायला सर नाहीत

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. अर्थशास्त्र मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, आणि संख्याशास्त्र मायनर, म्हणजे जोडविषय, असं तिचं ठरलं होतं. "मामा, यादीत विषय आहे, पण शिकवायला सर नाहीत. मग आम्हाला सगळ्यांनाच दुसरा मायनर दिला." तिच्या बोलण्यात तक्रारसुद्धा नव्हती, तेच मला जास्त लागलं.

महाराष्ट्रातल्या प्राध्यापक मित्रांशी नव्या शैक्षणिक धोरणाबद्दल बोलणं निघालं की गाडी क्रेडिटवर, म्हणजे प्रत्येक पेपरला अभ्यासाच्या तासांप्रमाणे मिळणाऱ्या गुणांकांवर येते. तीन वर्षांची किमान 120, चार वर्षांची किमान 160, त्यातली निदान निम्मी मेजरची, आणि मग कोणाचा वर्कलोड, म्हणजे शिकवण्याचे तास, गेला. वर्कलोडची काळजी खरीच आहे, त्यावर घरं चालतात. पण निवडलेला विषय मुलाला शेवटपर्यंत शिकता येईल का, हे त्या चर्चेत कोणी विचारत नाही.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकवतो. इथे मेजरच्या आत 'कॉन्सन्ट्रेशन' असतं, म्हणजे अर्थशास्त्र घ्यायचं आणि त्यातल्या एका शाखेचे चार-सहा पेपर नेटाने करायचे. अभ्यासक्रम समितीवर असताना आमच्याच विभागाचा 18 क्रेडिटचा प्रस्ताव आला. रजिस्ट्रार कार्यालयातल्या बाई पेन्सिलने प्रत्येक पेपरखाली त्याच्याआधी काय शिकलेलं लागतं ते लिहू लागल्या. इकॉनॉमेट्रिक्सआधी, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणाआधी संख्याशास्त्र, त्याआधी कॅल्क्युलस हे गणित. दोन्ही प्रस्तावात नव्हते. 18 चे 25 झाले. मग त्यांनी विचारलं, शेवटचा पेपर दरवर्षी असतो का? तो दोन वर्षांतून एकदाच, तोही एकाच प्राध्यापकाच्या भरवशावर. प्रस्ताव परत गेला. त्या खोलीत विद्यार्थ्याच्या बाजूने बोलणाऱ्या तेवढ्या त्याच होत्या.

आमचा आणखी एक नियम मला फार पटतो. एका मेजरमधल्या सगळ्या कॉन्सन्ट्रेशनचे निदान निम्मे पेपर सारखे हवेत. तिसऱ्या वर्षी कोणी शाखा बदलली, तरी केलेला अभ्यास वाया जात नाही.

नुसत्या मोकळिकीचा अनुभव इथे जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठात अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी विषयांची निवड जवळजवळ पूर्ण खुली केली होती. 1909 मध्ये अध्यक्ष झालेल्या लॉवेल यांनी तिला आवर घातला आणि एका क्षेत्रात खोलवर शिकणं सक्तीचं केलं. तिथे मेजरला आजही कॉन्सन्ट्रेशनच म्हणतात.

आपल्याकडे अभ्यास मंडळाने मायनर मंजूर करताना कॉलेजकडून दोनच कागद मागावेत: सगळ्या सत्रांचं वेळापत्रक, आणि प्रत्येक पेपर कोण शिकवणार त्यांची नावं. दुसरा कागद अवघड जाईल. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसतं, मग त्याच्या नावावर तीन वर्षांचं आश्वासन द्यायचं कसं? विषयांची बास्केट कितीही वाढवा, पदं भरल्याशिवाय त्या यादीला अर्थ नाही.

भाची आता संख्याशास्त्र रात्री ऑनलाइन शिकते आहे. त्याचे क्रेडिट धरणार का, असं तिने कॉलेजला लेखी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.