‘डेटाबेस एरर, अ‍ॅप सुरूच होत नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

एक स्टार दिलात, त्यावर हुज्जत घालत नाही. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आता डेटाबेसचं व्हॉल्यूम उडवून सगळं नव्याने टाकतो.’ तेवढं मात्र कृपया करू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचा. व्हॉल्यूम म्हणजे डेटाबेसच्या फाइली कायम ठेवायची जागा. तुमच्या सगळ्या नोंदी त्यातच आहेत आणि लॉगवरून (प्रोग्रॅम चालताना काय घडलं ते लिहून ठेवतो ती फाइल) तरी त्या शाबूत दिसतात.

तुमची तक्रार अशी: सर्व्हर अचानक बंद पडला, परत सुरू केल्यावर अ‍ॅप ‘डेटाबेसशी संपर्क झाला नाही’ म्हणून थांबलं, पासवर्ड बदलून पाहिला तरी तेच, आणि आमचे सपोर्टवाले नुसता लॉग मागत बसले.

लॉग मागतो, कारण ब्राउझरमधलं ते वाक्य आम्ही मुद्दाम मोघम ठेवलंय. डेटाबेसचा पत्ता आणि युजरनेम येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये. खरं कारण लॉगमध्येच कळतं. तुम्ही पूर्ण लॉग पाठवलात तेव्हा त्यात दोन वेगवेगळ्या एरर निघाल्या, आणि दुसरीचा पहिलीशी काही संबंध नाही.

पहिली होती ‘द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप’. मशीन अचानक बंद पडलं की पोस्टग्रेस (अ‍ॅप वापरतं तो डेटाबेस) उठल्या उठल्या कामाला लागत नाही. आधी आपला राइट-अहेड लॉग (प्रत्येक बदल आधी टिपून ठेवायची वही) वाचून, डेटा फाइलींपर्यंत न पोचलेले बदल तिथे उतरवून घेतं, आणि तोवर येईल त्याला परत पाठवतं. हा बिघाड नव्हे. अ‍ॅपने काही वेळ वाट पाहिली आणि ते थांबलं. थोड्या वेळाने तेच पुन्हा सुरू केलं असतं तर चाललं असतं. अ‍ॅप आणि डेटाबेस डॉकरच्या वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त खोक्यांत, चालतात. ते कसे सुरू करायचे ते कंपोज फाइलमध्ये लिहिलेलं असतं, पण त्यातलं साधं ‘डिपेंड्स-ऑन’ (आधी तो, मग हा) इथे पुरत नाही. कंटेनर सुरू झाला एवढंच ते बघतं, आतला डेटाबेस तयार आहे का ते नाही. त्यासाठी ‘पीजी-इजरेडी’चा हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का ते विचारणारी तपासणी) लावा आणि ‘डिपेंड्स-ऑन’ला तो पास होईपर्यंत थांबायला सांगा. शिवाय रीबूटनंतर डॉकर स्वतःहून कंटेनर उठवतो तेव्हा हा क्रम पाळला जात नाही, म्हणून अ‍ॅपच्या कंटेनरलाही ‘अनलेस-स्टॉप्ड’ (मुद्दाम थांबवलं नसेल तर आपोआप परत सुरू कर) ही रीस्टार्ट पॉलिसी हवी.

दुसरी एरर ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’. ऐकायला भयंकर, पण खरं तर ही चांगली बातमी आहे: पत्ता बरोबर, पोर्ट 5432 उघडं, डेटाबेस जागा आहे, फक्त पासवर्ड जुळत नाही. ही पासवर्ड बदलल्यानंतरच यायला लागली. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो तयार साचा) एन्व्हायर्नमेंटमधला, म्हणजे फाइलमधल्या सेटिंगमधून मिळालेला, पासवर्ड डेटा फोल्डर रिकामा असतानाच वाचते, म्हणजे अगदी पहिल्या वेळी. नंतर फाइलमध्ये काहीही लिहा, डेटाबेसला जुनाच पासवर्ड माहीत असतो. नव्या पासवर्डने दार ठोठावत राहिलं ते एकटं अ‍ॅप. भलेभले इथे अडकतात, आणि इंटरनेटवर ‘व्हॉल्यूम काढून टाका, चालेल’ असा सल्ला हमखास मिळतो. चालतं खरं, पण रिकाम्या डेटाबेसवर.

सोपा मार्ग म्हणजे फाइलमध्ये जुना पासवर्ड परत लिहा. तो आठवत नसेल तर डेटाबेसच्या कंटेनरमध्ये शिरून ‘पीएसक्यूएल’ (पोस्टग्रेसला थेट आज्ञा द्यायचा प्रोग्रॅम) उघडा. या इमेजमध्ये आतून जोडणाऱ्याला सहसा पासवर्ड विचारत नाहीत. तिथे ‘अल्टर यूजर’ या आज्ञेने फाइलमधलाच नवा पासवर्ड द्या आणि अ‍ॅप पुन्हा सुरू करा. त्याआधी ‘पीजी-डम्प’ या पोस्टग्रेसच्याच साधनाने बॅकअप घ्या, आणि कंटेनर बंद करताना कंपोजच्या ‘डाऊन’ या आज्ञेला ‘-व्ही’ जोडू नका. व्हॉल्यूम त्यानेच उडतं.

‘बाकीची अ‍ॅप्स निदान उघडतात तरी’ हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. डेटाबेस नसताना पान उघडून दाखवायचं, तुम्ही तासभर नोंदी भरायच्या आणि त्या कुठेच साठल्या नाहीत हे संध्याकाळी कळायचं, त्यापेक्षा सुरुवातीलाच थांबलेलं बरं. हे आम्ही बदलणार नाही.

नव्या पासवर्डमध्ये @ शक्यतो नको. कनेक्शन यूआरएलमध्ये (युजरनेम, पासवर्ड आणि डेटाबेसचा पत्ता एकत्र लिहिलेली ओळ) त्याच्यापुढचा भाग सर्व्हरचा पत्ता समजला जाऊ शकतो आणि तिसरीच एरर उभी राहते. हवाच असेल तर तिथे %40 लिहा. तिकीट उघडंच ठेवलंय. अडलात तर सुरू करतानाचा लॉग पहिल्या ओळीपासून त्यातच टाका, इथे जाहीर नको.